पाहुण्यांसाठी घासलेला मोका पॉट

मित्रांनो, कॉफी करणारा मोका पॉट मी, आणि आता चांगला जुना झालोय. नाव ऐकून बिचकू नका. या घरात मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. लक्ष्मीबाई मला 'बुटका' म्हणतात, बन्सीआबा 'ते कॉफीचं' म्हणतात, आणि त्यांचा मुलगा गोकुळ काहीच म्हणत नाही, सरळ कान धरून उचलतो. मला त्याचं काही वाटत नाही. भांड्यानं फार वाटून घेऊ नये.

माझं अंग ॲल्युमिनियमचं, आठ पैलूंचं. खालच्या कप्प्यात पाणी, मधल्या चाळणीत कॉफीची पूड, वरचा कप्पा रिकामा. खालचं पाणी तापलं की वाफेच्या जोरानं पुडीतून वर चढतं आणि वरच्या कप्प्यात कॉफी होऊन पडतं. बस, एवढंच माझं काम. ते मी आयुष्यभर केलं आणि त्यात कधी फरक पडू दिला नाही. फरक पडला तो माणसांमुळं.

कोणत्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरातून. जहाज अमेरिकेतल्या मायामी बंदरातून सुटायचं. माझा पहिला मालक ओस्वाल्दो, क्युबाचा स्वयंपाकी. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. जहाजावर कॉफीची भलीमोठी यंत्रं होती, पण हा गडी त्यांच्या कॉफीला हात लावायचा नाही. दुपारचं काम उरकलं की मला बाहेर काढायचा. त्याच स्वयंपाकघरात गंगापूर तालुक्यातला एक पोरगा कांदे सोलायला होता. छत्रपती संभाजीनगरला हॉटेलचं शिक्षण घेऊन समुद्रावर आलेला. तो हा गोकुळ.

ओस्वाल्दोनं त्याला ही कॉफी शिकवली. तुम्हालाही सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे. खालच्या कप्प्यात, त्याच्या बाजूला जे पितळी बटण असतं त्याच्या खालपर्यंत पाणी भरायचं. चाळणीत पूड भरायची, पण दाबायची नाही. मला घट्ट आवळून मंद आचेवर ठेवायचं आणि झाकण उघडं ठेवून बघत राहायचं. पहिले काळेभोर, दाट थेंब आले रे आले की ते चमचाभर एका वाटीत साखरेवर ओतायचे आणि मला परत गॅसवर ठेवायचं. मग ती साखर फेटायची. हात दुखेपर्यंत फेटायची. काळी साखर आधी तपकिरी होते, मग बदामी, मग मऊ फेस होतो. त्यावर माझी उरलेली कॉफी ओतली की फेस तरंगत वर येतो. शेवटी तेवढंच गरम दूध, चिमटीत मावेल इतकं मीठ, आणि लहानसा कप. साखर वरून टाकून ढवळली तर ती ही कॉफी नव्हे. ओस्वाल्दो यावर भांडायला उठायचा.

बन्सीआबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गोकुळनं जहाज सोडलं. एकुलता एक मुलगा, दुसरं कोण करणार? निघताना ओस्वाल्दोनं मला त्याच्या बॅगेत कोंबलं. म्हणाला, आईला करून पाज. अशा रीतीनं मी संभाजीनगरच्या चिकलठाण्याला आलो. आबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या सोप्या पडाव्या म्हणून या लोकांनी गाव सोडून इथं दोन खोल्या घेतल्या होत्या.

इथं माझं स्वागत काही बरं झालं नाही. लक्ष्मीबाईंनी माझ्या बाजूचं पितळी बटण बघितलं. ते जादा वाफ निघायला असतं. त्यांना वाटलं, शिट्टी. गोकुळ बाहेर गेला असताना त्यांनी मला गॅसवर चढवलं आणि तीन शिट्ट्यांची वाट बघत शेंगा निवडत बसल्या. माझी शिट्टी होत नाही हो. पाणी संपलं, पूड जळाली, आतलं रबर वितळलं. नंतर मी वर्षभर माळ्यावर, मोडक्या पंख्याच्या शेजारी पडून होतो. कुणी तक्रार ऐकणारं नव्हतं आणि मीही केली नाही. गोकुळनं नवं रबर मागवलं तेव्हा मला खाली काढलं.

त्यानंतरचे दिवस मात्र चांगले. गंगापूरहून जीपवाल्याच्या हाती म्हशीचं दूध यायचं. ओस्वाल्दो डब्यातलं आटवलेलं दूध वापरायचा; या दुधाला आटवायची गरजच नव्हती. गोकुळ साय गाळून घ्यायचा आणि दुपारी तिघांपुरती कॉफी करायचा. आबा आधी म्हणाले, "हे काय औषध हाय का?" मग रोज त्याच वेळेला खाटेवर उठून बसू लागले. लक्ष्मीबाई शेजारणींना सांगायच्या, माझ्या पोराच्या हातची कॉफी इमानात उडणाऱ्या लोकांना पण मिळत नाय.

त्या चवीच्या भरवशावर गोकुळनं शेंद्र्याला गाडा टाकला. मोठ्या कंपन्यांच्या गेटासमोर, कडुलिंबाखाली. त्यावर माझ्याहून थोराड पॉट आहेत. मी घरचा. गाडा चालतो, बरा चालतो. कामगार पाळी सुटली की रांग लावतात, साहेब लोक गाडीतून माणूस पाठवतात. पण लग्नाच्या बाजारात गाड्याला भाव नाही. गोकुळ तेहतिशीला आला. पाहुणे यायचे, पोहे खायचे, "मुलगा काय करतो?" विचारायचे, आणि उत्तर ऐकलं की त्यांना एकदम एसटीची वेळ आठवायची. पोरी शिकल्यात, त्यांच्या बापांना नोकरी पाहिजे, तीही परमनंट. गोकुळ वरवर हसायचा. रात्री भांडी विसळताना हसायचा नाही. लक्ष्मीबाईंचा तर जीव टांगणीला लागला होता.

मग त्यांच्या भावानं, सांडूमामांनी, सूत्रं हाती घेतली. मामांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं की समोरच्यानं मान डोलवावी. त्यांनी अजिंठ्याच्या कडुबांची मुलगी सुचवली. सायली तिचं नाव. सिल्लोडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मामा आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मी सांगितलंय, मुलगा शेंद्र्याला कंपनीत परमनंट हाय."

"मामा, माझा तर गाडा हाय," गोकुळ म्हणाला.

"गाडा कुठं हाय? कंपनीपुढंच ना? पाच पावलांचा तर फरक. तू फक्त हसायचं. बोलायचं काम माझं."

"अन् नंतर कळलं तर?"

"नंतर कळंस्तोवर तुझं पोरगं शाळेत जाईल. अक्का, समजव याला."

लक्ष्मीबाईंनी समजावलं नाही. त्या नुसत्या गोकुळकडं बघत राहिल्या, आणि ते बघणं त्याला समजावण्यापेक्षा जड गेलं. तो म्हणाला, बरं. मी ओट्यावर होतो. मला ते 'बरं' आवडलं नाही, पण माझ्या आवडीला विचारतो कोण?

रविवारी सकाळी गोकुळ दूध आणायला गेला आणि लक्ष्मीबाईंनी घर डोक्यावर घेतलं. पडदे बदलले, फरशी पुसली, पितळेचे डबे चिंचेनं लखलखीत केले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. पाहुण्यांपुढं हा काळा बुटका कसा न्यायचा? त्यांनी मला खोललं. राख घेतली, लिंबाची साल घेतली, तारेची घासणी घेतली आणि मला बाहेरून घासलं, आतून घासलं, चाळणी घासली, तोटी घासली. मनापासून घासलं. मी आरशासारखा झालो. त्यांनी मला उन्हात धरून बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढी तयारी त्यांनी आजवर कुठल्याच पाहुण्यांसाठी केली नव्हती.

मित्रांनो, माझ्या आतला काळेपणा म्हणजे मळ नव्हे. वर्षानुवर्षांच्या कॉफीचा तो पातळ थर असतो, आणि त्याच्यामुळंच धातूची चव कॉफीत उतरत नाही. तो खरवडला की पहिली कॉफी पत्र्यासारखी लागते. पण हे लक्ष्मीबाईंना कोण सांगणार?

पाहुणे आले. कडुबा, बारीक अंगाचे, गांधी टोपी, कमी बोलणारे. बरोबर सायली. बाहेरच्या खोलीत खाटेवर आबा, खुर्च्यांवर बाकीचे. मामांनी बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. कंपनी केवढी, कंपनीची बस कशी, कंपनीत जेवण कसं. गोकुळ ठरल्याप्रमाणं हसत होता. लक्ष्मीबाई मध्येच म्हणाल्या, "पाव्हणं, आमचा गोकुळ परदेशी कॉफी करतो. घेऊनच बघा."

कडुबा म्हणाले, "घेऊ की. पण आमच्या दोघांची बिनसाखरेची करा."

"साखरेचा त्रास हाय का?" आबांनी विचारलं.

"त्रास नाय. आमच्या घरची रीत हाय. सोयरीक ठरल्याबिगर मुलाच्या घरचं गोड खात नाय आम्ही. तोंड गोड केलं म्हणजे शब्द दिला. माझ्या आज्यापासून चालत आलंय."

मामा म्हणाले, "वा, वा, जुनी माणसं!" गोकुळ उठून आत आला. त्यानं मला बघितलं आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. पण करतो काय? पाणी भरलं, पूड भरली, गॅसवर ठेवलं. कॉफी आली. चमचाभर चाखून त्यानं सगळी मोरीत ओतून दिली आणि मला पुन्हा भरलं. बाहेर लक्ष्मीबाई सायलीला म्हणत होत्या, "जा पोरी, घर बघून घे."

सायली आत आली. वास घेतला. "काही जळालं का?"

"नाय. मायनं पॉट आतून घासला. पहिली कॉफी ओतून द्यावी लागली, दुसरी लावलीय."

"मग घासू दिला कामून?"

"मी दुधाला गेलतो. अन् ती हौसेनं करत होती."

सायली ओट्याला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. बघण्याची सवय असावी तिला. लॅबमध्ये दिवसभर तेच काम. माझे पहिले थेंब आले. गोकुळनं ते वाटीतल्या साखरेवर ओतले, मला परत ठेवलं आणि फेटायला लागला.

"एवढी साखर?"

"याच्याबिगर ही कॉफी होत नाय. तुमच्या दोघांची वेगळी काढतो. नुसतं दूध घालून."

"ती कशी लागंल?"

"कडू."

ती थोडी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक इचारू? तुमची कंपनी कोणती?"

गोकुळचा चमचा हळू झाला.

"माझ्या थोरल्या बहिणीला पण परमनंटच सांगितलं होतं," सायली म्हणाली. "हळदीच्या दिवशी कळलं, काहीच नाय. पत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून लग्न लागलं. आता आमच्याकडंच असते ती. बोलत नाय कुणाशी. बाबा पण तेव्हापासून कमी बोलतात. म्हणून इचारते. कंपनी लहान असली तरी चालंल मला."

मित्रांनो, मी गॅसवर होतो आणि माझ्या पोटात उकळी फुटत होती, म्हणून त्या क्षणाचं फार नीट सांगता येणार नाही. गोकुळ घाबरला होता एवढं नक्की. हो म्हणून एखादं नाव ठोकून दिलं असतं तर लग्न जमलं असतं. आई बाहेर बसली होती. एवढ्या वर्षांत त्याला नाकारणाऱ्यांपैकी एकीनंही त्याला असं तोंडावर काही विचारलं नव्हतं.

"कंपनी नाय," तो म्हणाला. "कंपनीच्या गेटापुढं माझा कॉफीचा गाडा हाय."

सायलीनं वाटीत बघितलं. फेस बदामी झाला होता.

"मामांनी सांगितलं खोटं," ती म्हणाली.

"मामांनी सांगितलं. मी बरं म्हणालो."

"बाबांना कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

"त्यांनी नाय म्हणलं तर?"

"तर नाय," गोकुळ म्हणाला. त्यानं साखरेच्या फेसावर कॉफी ओतली, दूध ओतलं, मीठ टाकलं. चार कप गोड, दोन बिनसाखरेचे. ट्रेमध्ये कप ठेवले आणि कोपऱ्यात मलाही ठेवलं. मामांना परदेशी पॉट दाखवायचा होता ना. मग त्यानं ट्रे उचलला.

बाहेर मामांची बस अजून कंपनीच्याच आवारात फिरत होती. गोकुळनं कप वाटले. स्वतःचा तसाच ट्रेमध्ये ठेवला आणि उभ्यानंच कडुबांना म्हणाला, "बाबा, मी कुठल्याच कंपनीत नाय. शेंद्र्याला गेटापुढं कॉफीचा गाडा चालवतो. जहाजावर होतो, ते खरं. बाकीचं खोटं. ते मला मान्य होतं, म्हणून ते माझंच खोटं."

मामा हसले. "पोरगं मस्करी करतंय पाव्हणं."

"मस्करी नाय, मामा."

लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. आबा खाटेवर ताठ झाले. कडुबांनी कडू कॉफीचा एकच घोट घेतला होता; त्यांनी कप फरशीवर ठेवला, टोपी नीट केली आणि उठले. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. म्हणाले, "एकदा फसलोय मी. आता परत नाय. चल सायली."

"कडुबा दादा," लक्ष्मीबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या भावानं माझ्यासाठी केलं हो. पोराचा काय दोष?"

"दोष कुणाचा का असंना बाई. आम्हाला वेळ नाय."

कडुबा दारापाशी गेले. सायली जागची हलली नाही. तिच्या हातात तिचा बिनसाखरेचा कप होता. तिनं तो ट्रेमध्ये ठेवला आणि शेजारचा गोकुळचा कप उचलला. गोड. वर फेस तसाच. तिनं एक घोट घेतला, मग दुसरा. सावकाश प्याली, गडबड नाही.

"सायली," कडुबा दारातून म्हणाले, "ते गोड हाय."

"माहीत हाय, बाबा."

"अगं, आपल्या घरची रीत..."

"रीत माहीत हाय म्हणूनच पितेय."

तिनं कप तळापर्यंत संपवला आणि रिकामा ट्रेमध्ये ठेवला. मामांच्या शर्टावर त्यांचीच कॉफी सांडली होती, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. गोकुळ सायलीकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगायचं नाही. माणसाचं काही त्याच्यापाशी राहू द्यावं.

कडुबा बराच वेळ दारात उभे राहिले. पोरीकडं बघत. त्यांच्या थोरलीनं कधी असं काही स्वतःहून उचललं नव्हतं, आणि तिला कुणी उचलू दिलंही नव्हतं. ते त्यांच्या डोक्यात आलं असावं, कारण त्यांचे ओठ जरा हलले. मग ते परत आत आले, खुर्ची ओढली आणि बसले.

"गाड्याला सावली हाय का?" त्यांनी गोकुळला विचारलं.

"हाय. लिंबाची."

"अन् पावसाळ्यात?"

"ताडपत्री बांधतो."

"ताडपत्रीनं भागत नाय. पत्रे टाकावे लागतील," कडुबा म्हणाले, आणि दोघं पत्र्यांचं बोलत बसले.

लग्न उन्हाळ्यात झालं. मी अजून त्याच ओट्यावर असतो आणि मला साध्या पाण्यानं धुतात. आता तुमच्याकडं एक मागणं आहे, मित्रांनो, आणि ते माझ्यासाठी नाही. त्या रविवारी खोलीत सहा माणसं होती. कंपनीबद्दल बोलणं झालं, रीतीबद्दल झालं, 'आमच्या दोघांची बिनसाखरेची' हेही एकानं दोघांच्या वतीनं ठरवून टाकलं. सायलीला साखर हवी का नको, हे एका माणसानंही विचारलं नाही. गोकुळनंसुद्धा नाही. तेव्हा कुणापुढं कप ठेवाल, तर आधी विचारा, आणि ज्याला प्यायचंय त्यालाच विचारा. त्याच्या बापाला नाही.